थंड इंजिनाची जलद गती : ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’

मराठीत ‘का’ हा एकच प्रश्न दोन भिन्न अपेक्षांनी विचारला जातो. ‘खिडकी बंद का आहे?’ याचे उत्तर ‘वाऱ्याने आपटली म्हणून’ असे देता येते, तसेच ‘धूळ आत येऊ नये म्हणून’ असेही देता येते. दोन्ही उत्तरांच्या शेवटी ‘म्हणून’ हेच अव्यय आहे. परंतु पहिले उत्तर हेतू सांगते, तर दुसरे प्रयोजन. संस्कृत व्याकरणाने हेतूकडे तृतीया आणि तादर्थ्याकडे चतुर्थी सोपवून हा भेद स्पष्ट राखला आहे. मराठीतही ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ अशी दोन प्रश्नपदे आहेत. पण सामान्य व्यवहारात आपण ‘का’ एवढ्यावरच भागवतो. या सवयीमुळे विवेचनात कसा घोटाळा होतो, हे भाषेबाहेरच्या एका परिचित उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

रात्रभर उभी असलेली पेट्रोलची मोटार सकाळी सुरू केली की तिचे इंजिन काही काळ नेहमीपेक्षा जलद फिरते. तापलेले इंजिन गाडी उभी असता मिनिटाला साधारणतः ६०० ते ८०० फेरे घेते. थंड इंजिन १२०० किंवा त्याहूनही अधिक घेते आणि एखाद्या-दोन मिनिटांत हळूहळू मूळ गतीवर येते. असे का होते? ‘इंजिन थंड असते म्हणून’ हे नेहमीचे उत्तर होय. ते कितपत पुरे पडते?

प्रथम ‘कशामुळे’ हा प्रश्न घेऊ. थंडीचे इंजिनावर दोन प्रमुख परिणाम होतात. एक म्हणजे वंगणाचे तेल घट्ट होते आणि घर्षण वाढते. दुसरा परिणाम इंधनावर होतो. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून सुमारे ३५ ते २०० अंश सेल्सिअस या पल्ल्यात उकळणाऱ्या अनेक द्रव्यांचे ते मिश्रण आहे. थंड इंजिनात त्यातील हलका अंश तेवढा सहज वाफ होतो. उरलेले पेट्रोल हवेच्या मार्गाच्या व सिलिंडरच्या थंड भिंतींवर द्रवरूपातच राहते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते; परंतु जळते ती वाफ, द्रव नव्हे. म्हणून थंड इंजिनास हवेच्या मानाने अधिक पेट्रोल पुरवावे लागते, आणि तरीही ज्वलन अनियमित होते.

येथे एक गोष्ट ध्यानात येईल. घर्षण वाढणे आणि ज्वलन बिघडणे या दोन्ही गोष्टींनी इंजिन मंदावेल किंवा बंद पडेल. जलद होणार नाही. म्हणजे ‘थंडीमुळे गती वाढते’ हे विधान अक्षरशः घेतल्यास खोटे आहे. जलद गती हा थंडीचा परिणाम नसून थंडीवर योजलेला उपाय आहे. अर्थात खरा प्रश्न ‘कशासाठी’ हाच आहे.

त्याचे पहिले उत्तर कार्बुरेटरच्या काळातले आहे. फिरत्या चाकात साठलेली ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ७०० फेऱ्यांऐवजी १२०० फेरे ठेवले तर ती सुमारे तिप्पट होते. एखादा स्फोट हुकला तरी या साठ्याच्या बळावर इंजिन पुढच्या स्फोटापर्यंत तग धरते. म्हणून चालकाने चोक ओढला की वरची झडप मिटून पेट्रोलचे प्रमाण वाढे आणि त्याच जोडणीने खालची झडप किंचित उघडून गतीही वाढे. प्रयोजन एकच होते : इंजिन बंद पडू नये.

परंतु हे उत्तर आजच्या गाडीस पूर्णपणे लागू पडत नाही. नागपुरात मे महिन्यातील सकाळी तेल फारसे घट्ट नसते, पेट्रोलची वाफही सहज होते. तरीसुद्धा गाडी आरंभी जलद फिरतेच. याचे कारण धुराच्या नळीत बसविलेल्या उत्प्रेरक पात्रात आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणे हे त्याचे काम. अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून त्याचा सर्रास वापर सुरू झाला. भारतात १९९५ साली मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना ते सक्तीचे झाले. हे पात्र सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याखेरीज कामास लागत नाही. त्याच्या दृष्टीने पौषातील पहाट आणि वैशाखातील सकाळ सारखीच थंड.

हे पात्र लवकर तापावे यासाठी नियंत्रक संगणक मुद्दाम ठिणगी उशिरा पाडतो. इंधन उशिरा जळल्याने दट्ट्यास कमी बळ मिळते आणि अधिक उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. बळातील ही तूट भरून काढण्यासाठी अधिक हवा व इंधन आत सोडावे लागते. त्यात गतीही वाढविली की तप्त वायूंचा प्रवाह आणखी मोठा होतो. इंजिन तापले की नाही हे संगणकास कळते ते पाण्यातील संवेदकावरून. त्याचा विद्युत्‌-रोध थंडीत अधिक व उष्णतेत कमी असतो. हा संवेदक चुकीची साक्ष देऊ लागला तर तापलेले इंजिनही थंड समजून चालविले जाते. गाडी तापल्यावरही गती उतरत नसेल, तर ज्या दोषांची शंका घ्यावी त्यांपैकी हा एक.

‘गाडी तापवणे’ हा शब्दप्रयोग कायम राहिला; त्याचे कर्म मात्र बदलले. पूर्वी इंजिन तापवावयाचे असे, आता प्रथम धुराची नळी. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. पात्र तापेपर्यंतचा धूर जवळजवळ अशोधितच बाहेर पडतो, आणि लहान फेरीतील एकंदर प्रदूषणाचा मोठा वाटा याच आरंभीच्या काळात पडतो. म्हणूनच युरोपातील चाचणीत आरंभीची ४० सेकंदे मापनातून वगळण्याची सवलत २००० साली रद्द झाली. बंद गॅरेजात गाडी सुरू ठेवणे घातक आहे. तसेच ती उभ्यानेच दीर्घकाळ तापवीत बसण्यात लाभ नाही; थोड्याच वेळात बेताने चालवू लागल्यास इंजिनावर भार येऊन ते व पात्र दोन्ही लवकर तापतात. जुनी सवय जुन्या प्रयोजनाची होती.

भाषेच्या अभ्यासकास यातून घेण्याजोगे तात्पर्य असे : एखादी घटना दीर्घकाळ जशीच्या तशी दिसत राहिली, तरी तिचे प्रयोजन मधल्या काळात पालटलेले असू शकते. रूप टिकते, कार्य बदलते. प्रत्ययांच्या इतिहासात हे आपण नित्य पाहतो. तेथेही ‘का’ विचारण्यापूर्वी आपणास ‘कशामुळे’ विचारावयाचे आहे की ‘कशासाठी’, हे आधी ठरविणे श्रेयस्कर.