चाप कोण ओढतो? स्वायत्त शस्त्रांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकदा सुरू केल्यावर माणसाच्या पुढच्या आज्ञेची वाट न पाहता लक्ष्य निवडणारे आणि त्यावर मारा करणारे शस्त्र म्हणजे स्वायत्त शस्त्र. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीची व्याख्याही साधारण अशीच आहे. सैनिक यंत्र सुरू करतो, त्याला क्षेत्र आणि मुदत आखून देतो. पुढे नेमका कोणावर, कोठे आणि केव्हा मारा होईल, हे संवेदकांनी टिपलेले दृश्य यंत्रात आधी भरलेल्या वर्णनाशी जुळते की नाही यावर ठरते. म्हणजे शस्त्र सोडणाऱ्याला आपण कोणाला मारणार आहोत हे सोडताना माहीत नसते. धोक्याचे मूळ इथे आहे. चर्चा मात्र बहुधा चित्रपटातल्या बंडखोर यंत्रमानवाभोवती घुटमळते आणि त्यातून अनेक चुकीच्या समजुती रूढ झाल्या आहेत.

गैरसमज १ : ही शस्त्रे अजून कल्पनेतच आहेत

वस्तुस्थिती : लक्ष्य स्वतः शोधून मारणारी यंत्रे कित्येक दशके वापरात आहेत. अमेरिकी नौदलाची ‘फॅलँक्स’ ही २० मिलिमीटरची तोफ १९८० पासून युद्धनौकांवर आहे. ती स्वयंचलित स्थितीत ठेवली की येणारे क्षेपणास्त्र रडारने हेरणे, त्याचा माग ठेवणे आणि गोळीबार करणे ही सगळी कामे ती स्वतःच करते, कारण क्षेपणास्त्र पोचेपर्यंत माणसाला विचार करायला वेळच उरत नाही. इस्रायलचे ‘हार्पी’ हे शस्त्र आकाशात घिरट्या घालत शत्रूच्या रडारच्या लहरी शोधते आणि सापडताच त्या रडारवर झेपावते. भारतानेही ते विकत घेतलेले आहे.

या यंत्रांवर फारसा वाद झाला नाही, कारण त्यांची लक्ष्ये वस्तू होती आणि त्या ओळखण्याची खूणही सोपी होती. आता कॅमेऱ्याच्या चित्रावरून वाहने आणि माणसे ओळखण्याचे तंत्र स्वस्त झाले आहे, आणि युद्धेही मोकळ्या समुद्राऐवजी वस्त्यांमधून लढली जात आहेत. लिबियातील यादवीविषयी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०२१ मध्ये अहवाल दिला. २०२० मध्ये माघार घेणाऱ्या सैन्याचा पाठलाग करण्यासाठी वापरलेल्या शस्त्रांमध्ये तुर्की बनावटीच्या ‘कार्गू-२’ ड्रोनचा त्यात उल्लेख आहे. चालकाशी संपर्क नसतानाही हल्ला करण्याची क्षमता या शस्त्रांना दिलेली होती, असे अहवाल म्हणतो. त्या हल्ल्यात कोणी मेले का आणि ड्रोन तेव्हा खरोखर स्वायत्त स्थितीत होते का, हे मात्र अहवालातून सिद्ध होत नाही. ‘यंत्राने स्वतःहून घेतलेला पहिला बळी’ अशा बातम्या त्यावरून रंगवल्या गेल्या, त्या अहवालाच्या पुढे गेलेल्या होत्या.

गैरसमज २ : ड्रोन म्हणजेच स्वायत्त शस्त्र

वस्तुस्थिती : बहुतेक लष्करी ड्रोन दूरवर बसलेला चालक पडद्यावर पाहून चालवतो आणि माऱ्याचा निर्णयही तोच घेतो. स्वायत्तता ही संपूर्ण यंत्राची नव्हे, एकेका कामाची असते. उड्डाण, मार्ग राखणे आणि परत येणे यंत्रावर सोपवले तरी लक्ष्याची निवड माणसाकडे राहू शकते.

नागपूरच्या सोलर समूहातील कंपनीने भारतीय लष्करासाठी बनवलेले ‘नागास्त्र-१’ या संदर्भात पाहण्यासारखे आहे. सुमारे नऊ किलो वजनाचे हे आत्मघाती ड्रोन जवळपास अर्धा तास हवेत राहते. त्याचा पल्ला चालकाच्या नियंत्रणाखाली सुमारे १५ किलोमीटर आणि स्वयंचलित उड्डाणात सुमारे ३० किलोमीटर सांगितला जातो. लक्ष्य सापडले नाही किंवा मोहीम रद्द झाली, तर ते पॅराशूटने उतरवून पुन्हा वापरता येते. उड्डाण स्वयंचलित असूनही निर्णय मागे घेण्याची सोय ठेवता येते, हे यातून दिसते.

ही सीमारेषा पुसट होण्यामागे मोठे कारण जॅमिंगचे आहे. युक्रेनमधील युद्धात दोन्ही बाजू एकमेकांच्या ड्रोनचा रेडिओ संपर्क तोडतात. त्यावर उपाय म्हणून, चालकाने लक्ष्य दाखवल्यावर शेवटचे अंतर ड्रोनने स्वतः कापावे, अशी सोय आली. इथपर्यंत निवड माणसाचीच आहे. पण संपर्क तुटल्यावर ड्रोनने लक्ष्यही स्वतः शोधावे, ही पुढची पायरी तांत्रिकदृष्ट्या फार लांब नाही. स्वायत्तता एखाद्या मोठ्या निर्णयाने येते असे नाही. रणांगणावरच्या एकेका अडचणीवर तोडगा काढता काढता ती शिरकाव करते.

गैरसमज ३ : यंत्राला राग-भीती नसते, म्हणून ते माणसापेक्षा कमी चुका करील

वस्तुस्थिती : हा युक्तिवाद पोकळ नाही. रोनाल्ड आर्किन यांच्यासारख्या यंत्रमानवशास्त्रज्ञांनी तो गांभीर्याने मांडला आहे. इतिहासात त्याला आधारही सापडतो. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘विन्सेन्स’ या युद्धनौकेने होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणचे प्रवासी विमान पाडले आणि २९० जण ठार झाले. विमान वर चढत असल्याची नोंद नौकेच्या संगणकीय यंत्रणेने बरोबर केली होती. तणावाखालच्या कर्मचाऱ्यांनी मात्र ते हल्ल्यासाठी खाली येत असल्याचा समज करून घेतला.

परंतु उंची मोजणे हे यंत्राचे काम आहे. समोरचा माणूस लढवय्या आहे की नाही हे ठरवणे वेगळ्या जातीचे काम आहे. युद्धाचे कायदे सैनिक आणि नागरिक यांत फरक करायला सांगतात. तो फरक पुष्कळदा गणवेशावर नव्हे, तर वागण्यावर आणि हेतूवर अवलंबून असतो. शरण येणारा, जखमी होऊन पडलेला, खांद्यावर फावडे घेऊन शेताकडे निघालेला, घराच्या राखणीसाठी बंदूक बाळगणारा, हे सगळे कॅमेऱ्याच्या चौकटीत शत्रूसैनिकासारखे दिसू शकतात. चित्र ओळखणारी प्रणाली त्यांचा ‘अर्थ’ लावत नाही. तिला शिकवलेल्या नमुन्यांशी रंग आणि आकार किती जुळतात याची ती टक्केवारी काढते.

शिकवणीबाहेरचे दृश्य समोर आले की ही टक्केवारी विचित्र उत्तरे देते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या गटाने २०१७ मध्ये त्रिमितीय छपाईने प्लास्टिकचे एक कासव बनवले. त्याच्या पाठीवरची नक्षी अशी आखली होती की गुगलची चित्र ओळखणारी प्रणाली त्याला जवळजवळ प्रत्येक कोनातून रायफल ठरवत होती. पाहणाऱ्या माणसाला ते कासवच दिसत होते. प्रयोगशाळेत हा गमतीचा भाग ठरतो. रणांगणावर मात्र अशी फसवणूक करायला शत्रू टपलेलाच असतो.

चुकीच्या व्याप्तीतही फरक आहे. एका सैनिकाची चूक त्याच्यापुरती राहते आणि शेजारचा सैनिक त्याला अडवू शकतो. एकाच सॉफ्टवेअरवर चालणारी हजार यंत्रे एकाच वेळी एकसारखीच चुकतात.

गैरसमज ४ : निर्णयसाखळीत माणूस असला की काळजी नाही

वस्तुस्थिती : माणसाची उपस्थिती आणि माणसाचे नियंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात कुवेतकडे परतणारे ब्रिटिश हवाई दलाचे टोर्नेडो विमान अमेरिकेच्या ‘पॅट्रियट’ क्षेपणास्त्राने पाडले. त्यातले दोघेही ठार झाले. पॅट्रियटच्या संगणकाने विमानाच्या उड्डाणावरून ते रडारवर चालून येणारे क्षेपणास्त्र असल्याचे ठरवले. ‘मित्र’ असल्याची खूण देणारे विमानावरचे उपकरणही काम करत नव्हते. तुकडीकडे निर्णयासाठी जेमतेम एक मिनिट होते. पडद्यावर ‘क्षेपणास्त्र’ असे दिसत होते आणि ते खोडून काढायला दुसरी माहिती नव्हती. मारा करण्याची परवानगी माणसानेच दिली, पण विचार यंत्राने आधीच करून ठेवला होता. काही दिवसांतच, २ एप्रिलला, पॅट्रियटने अमेरिकी नौदलाचे स्वतःचेच हॉर्नेट विमान पाडले आणि वैमानिक मरण पावला.

यंत्राच्या उत्तरावर गरजेपेक्षा जास्त विसंबण्याची ही प्रवृत्ती विमानचालन आणि वैद्यक या क्षेत्रांतही ओळखीची आहे. थकवा, घाई आणि कामाचा डोंगर यांमुळे ती वाढते. गाझातील युद्धात इस्रायली सैन्य ‘लॅव्हेंडर’ नावाच्या संगणकीय प्रणालीने सुचवलेल्या व्यक्तींना काही सेकंदांच्या तपासणीनंतर लक्ष्य ठरवत होते, असे वृत्त इस्रायलमधील पत्रकारांनी एप्रिल २०२४ मध्ये दिले. ती प्रणाली लक्ष्ये ठरवत नाही, केवळ माहिती ताडून पाहण्यास मदत करते, असे सांगून सैन्याने ते नाकारले. ही प्रणाली स्वायत्त शस्त्र नव्हे, कारण मारा माणसाच्याच हाताने होतो. पण मंजुरी हा केवळ शिक्का उरला, तर स्वायत्त शस्त्र आणि असे शस्त्र यांतला फरक कागदावरच राहतो. नियंत्रण अर्थपूर्ण ठरण्यासाठी माणसाकडे परिस्थितीची स्वतंत्र माहिती, विचाराला वेळ आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार, या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात.

गैरसमज ५ : यंत्रे लढतील, माणसे वाचतील

वस्तुस्थिती : ज्याच्याकडे यंत्रे आहेत त्याचे सैनिक वाचतील. ज्या गावांवर ती सोडली जातील तिथली माणसे वाचतीलच असे नाही. आपल्या सैनिकांच्या शवपेट्या घरी येणार नसतील, तर युद्ध सुरू करताना राज्यकर्त्यांना वाटणारा धाकही कमी होतो.

दुसरा धोका वेगाचा आहे. ६ मे २०१० रोजी अमेरिकी शेअर बाजारात संगणकीय व्यवहारांची एकमेकांवर प्रतिक्रिया उमटत गेली आणि काही मिनिटांत डाउ जोन्स निर्देशांक सुमारे एक हजार अंकांनी कोसळून बराचसा सावरला. बाजारात व्यवहार थांबवण्याची यंत्रणा असते. दोन शत्रुराष्ट्रांच्या स्वायत्त यंत्रणा सीमेवर एकमेकींना प्रत्युत्तर देऊ लागल्या, तर त्यांना थांबवणारा तिसरा कोणी नसतो. सप्टेंबर १९८३ मध्ये सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा दिला, तेव्हा स्टानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने तो खोटा ठरवला. खरा हल्ला पाच क्षेपणास्त्रांनी सुरू होणार नाही, हा त्याचा तर्क होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती. शंका घ्यायला त्याला काही मिनिटे मिळाली. स्वायत्त यंत्रणेतून नेमकी हीच मिनिटे वगळली जातात.

गैरसमज ६ : ही शस्त्रे महासत्तांच्याच हाती राहतील

वस्तुस्थिती : अण्वस्त्रासाठी समृद्ध युरेनियम आणि प्रचंड कारखाने लागतात. त्यामुळे त्यावर पाळत ठेवता येते. छोट्या स्वायत्त ड्रोनला लागणारा कॅमेरा, चिप, मोटर आणि चित्र ओळखणारे सॉफ्टवेअर बाजारात मिळते. स्टुअर्ट रसेल यांच्यासह अनेक संगणकशास्त्रज्ञांचा इशारा असा की, दर यंत्रामागे चालक लागत नसल्यामुळे मूठभर लोक हजारो यंत्रे सोडू शकतील आणि वय, वेश किंवा चेहरा पाहून माणसे टिपणे दहशतवादी गटांनाही शक्य होईल.

गैरसमज ७ : चूक झाली तर दोषी ठरवायला सध्याचे कायदे पुरेसे आहेत

वस्तुस्थिती : युद्धगुन्हा सिद्ध करायला सामान्यतः हेतू दाखवावा लागतो, आणि यंत्राला हेतू नसतो. ‘असे होईल याची कल्पना नव्हती’ असे सेनाधिकारी म्हणू शकतो. प्रोग्रामर लष्करी मागणीकडे बोट दाखवतो आणि उत्पादक वापरणाऱ्याकडे. १९७७ च्या जिनीव्हा पूरक करारानुसार नवे शस्त्र कायद्यात बसते की नाही हे सदस्यदेशांनी तपासायचे असते. पण शिकत बदलणारी प्रणाली तपासणीच्या दिवशी जशी वागली तशीच पुढेही वागेल, याची हमी देता येत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा २०१२ चा निर्देश, जो २०२३ मध्ये सुधारला गेला, बळाच्या वापरावर ‘योग्य प्रमाणात’ मानवी विवेक असावा असे सांगतो. त्यात बंदी नाही.

गैरसमज ८ : बंदीची मागणी म्हणजे तंत्रज्ञानालाच विरोध, आणि ती अमलात येणे अशक्य

वस्तुस्थिती : कृत्रिम बुद्धिमत्तेवर सरसकट बंदी घालावी असे रेडक्रॉस म्हणत नाही. २०२१ मध्ये तिने दोन प्रकारांवर बंदी सुचवली : ज्यांचे परिणाम आधी सांगता येत नाहीत अशी स्वायत्त शस्त्रे आणि माणसांनाच लक्ष्य करणारी स्वायत्त शस्त्रे. बाकीच्यांना लक्ष्याचा प्रकार, क्षेत्र, कालावधी आणि मानवी देखरेख यांच्या मर्यादा घालाव्यात, असा तिचा प्रस्ताव आहे. क्षेपणास्त्रे अडवणारी नौकेवरची तोफ त्यात बसू शकते.

शस्त्र प्रचारात येण्याआधीच त्याला रोखल्याचे उदाहरणही आहे. कायमचे आंधळे करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्ये करार झाला. आधीच वापरात असलेल्या व्यक्तिविरोधी भूसुरुंगांवरही १९९७ मध्ये ओटावा करार झाला. त्यात अमेरिका, रशिया, चीन आणि भारत नसतानाही सुरुंगांचा वापर आणि व्यापार बराच घटला. अर्थात करार अभेद्य नसतात. रशियाच्या भीतीने फिनलंड, पोलंड आणि बाल्टिक देशांनी २०२५ मध्ये ओटावा करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला.

स्वायत्त शस्त्रांवर जिनीव्हात २०१४ पासून चर्चा चालू आहे. तज्ज्ञगटाच्या २०१७ आणि २०१८ मधील बैठकांचे अध्यक्षपद भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल यांच्याकडे होते. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे एक देशही वाट अडवू शकतो. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी २०२६ पर्यंत बंधनकारक करार करण्याचे आवाहन २०२३ मध्ये केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आमसभेने या विषयावर ठराव संमत केला. त्याच्या बाजूने १५२ मते पडली आणि विरोधात चार. विरोधकांत रशियाबरोबर भारतही होता. हा विषय जिनीव्हाच्या मंचावरच हाताळावा आणि बंधनकारक कराराची घाई करू नये, असे भारताचे म्हणणे आहे. याच विषयावरील २०२४ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला.

करार झाला तरी सॉफ्टवेअरची तपासणी करणे अवघड राहील, कारण बाहेरून सारखे दिसणारे ड्रोन एका बदलाने स्वायत्त होऊ शकते. म्हणून प्रस्तावित नियमांचा भर यंत्राच्या अंतरंगापेक्षा वापरावर आहे : माऱ्याचा आदेश कोणी दिला याची नोंद, क्षेत्र आणि वेळेची मर्यादा, मारा मध्येच थांबवण्याची सोय, आणि परिणामांची जबाबदारी घेणारा नावानिशी ओळखता येईल असा अधिकारी.