साडेनऊच्या आत

रात्रीचे सव्वानऊ. ठाण्याहून निघालेली तुमची शेअर रिक्षा कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरपर्यंत कशीबशी आलीय आणि आता एका कंटेनरच्या मागे मुकाट उभी आहे. अंजूरफाटा अजून लांब. तेवढ्यात फोनवर मेसेज येतो, 'जेवायला काय?' खरं तर या दोन शब्दांत राग येण्यासारखं काही नाही. तरी येतो.

हा मेसेज पाठवणारा मी होतो. लग्नानंतरचे पहिले सात-आठ महिने, जवळजवळ रोज. माझी शिफ्ट गोदामात, सकाळी सात ते चार. घर नारपोलीत, बाइकवरून पंधरा मिनिटं. म्हणजे साडेचारला मी घरी, आणि बायको ठाण्याच्या ऑफिसातून साडेनऊला. मधले पाच तास मी काय करायचो ते विचारू नका. एका रात्री ती आली, पाठीवरची बॅग न काढताच ओट्याशी उभी राहिली आणि डब्यातली ग्लुकोज बिस्किटं खायला लागली. चार खाल्ली. म्हणाली, "मला भूक नाहीये, तुझं तू बघ." भांडण झालं नाही. झालं असतं तर जरा बरं वाटलं असतं.

आमच्याच घरात असं होतं असं समजू नका. सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. त्यात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. हे 'करणाऱ्या' पुरुषांचं झालं. मुळात शंभरातले सव्वीसच पुरुष करत होते, बायका एक्क्याऐंशी. मी तेव्हा उरलेल्या चौऱ्याहत्तरांत होतो.

तर हा लेख तुमच्यापैकी जो आधी घरी पोहोचतो त्याच्यासाठी आहे. मुलगा असो की मुलगी, लग्न झालेलं असो की नसो. 'कँडललाइट डिनर' वगैरे यात काही नाही. आमच्याकडे कधी लाइट गेली की मेणबत्ती लागते, तेवढाच तो कँडललाइट. इथे आहे ते मंगळवारचं जेवण. एक शेगडी, एक कुकर, एक कढई आणि जास्तीत जास्त पाऊण तास.

आधी एक गोष्ट ठरवून टाका. आठवड्याच्या मधल्या दिवसांत घरी पोळ्या लाटायच्या नाहीत. स्वयंपाक अवघड वाटतो त्याचं निम्मं कारण पोळ्या असतात. कणीक भिजवा, मुरवा, लाटा, भाजा, मग पिठाने माखलेला ओटा पुसा. पोळीभाजी केंद्रातून सहा पोळ्या आणल्या तर कुणाचं नाक कापलं जात नाही. आईला सांगायलाच हवं असंही नाही. नाहीतर सरळ भात लावा.

सुरुवात खिचडीपासून करा. ती बिघडवायची म्हटली तरी फारशी बिघडत नाही. दोघांना पाऊण वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ पुरते. दोन्ही धुऊन घ्या. कुकरमध्ये दोन चमचे तूप, त्यात जिरं, हिंग, ठेचलेल्या सात-आठ लसूणपाकळ्या. लसूण बदामी झाली की हळद, डाळ-तांदूळ, मीठ आणि चार वाट्या पाणी. तीन शिट्ट्या, आणि मग कुकरला हात लावायचा नाही, वाफ आपोआप जाऊ द्यायची. ही आसट होते, पातेल्यात चमचा आडवा पडेल अशी. मोकळी आवडत असेल तर एक वाटी पाणी कमी. पहिल्या दिवशी मी 'वाटी' म्हणून आमटीची मोठी वाटी घेतली होती आणि आम्ही ती खिचडी तीन वेळा खाल्ली. कमलाबाई ओगल्यांनी १९७०मध्ये 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं दिली म्हणून हजारो नवशिक्यांची सोय झाली. पण घरातली एकच वाटी मापाची म्हणून बाजूला काढून ठेवायची, ही अक्कल आपली आपल्यालाच यावी लागते.

खिचडीइतकंच सोपं पिठलं. अर्धी वाटी बेसन दोन वाट्या गार पाण्यात आधीच कालवून घ्या, म्हणजे गुठळ्यांची भीती नाही. जुन्या बायका उकळत्या पाण्यात पीठ पेरतात आणि एका हाताने घोटत राहतात. ते त्यांना शोभतं, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. मोहरी-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, लसूण, एक कांदा, हळद. त्यावर कालवलेलं पीठ ओतायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. घट्ट होऊन चकाकी आली की झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. बेसनाचा कच्चा वास गेला म्हणजे झालं.

आता थोडं नारपोलीबद्दल, कारण माझा खरा स्वयंपाक इथल्या शेजारामुळे सुरू झाला. भिवंडीला लोक ओळखतात यंत्रमागांमुळे, आणि अलीकडे गोदामांमुळे. तुम्ही सेलमध्ये मागवलेला मिक्सर बहुधा आमच्याच आसपासच्या एखाद्या गोदामातून निघालेला असतो. मागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, आणि तिथले एकटे राहणारे कामगार बिसीत जेवतात. बिसी म्हणजे पैशांची भिशी नव्हे, खाणावळ. ठरलेले पैसे द्यायचे आणि दोन वेळचं ताट मिळतं. काय शिजवायचं हे दुसरं कुणीतरी ठरवतं. मला त्या कामगारांचा हेवा वाटायचा, आणि मग एक दिवस लक्षात आलं की मी घरातच बिसी उघडलीय, फक्त पैसे न देता.

उत्तर प्रदेश-बिहारकडचे लोक, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, मूळचे आगरी, कोकणी मुसलमान असं सगळं या गावात चालत जाण्याच्या अंतरावर राहतं. त्यामुळे किराणा दुकानात आगरी मसाला आणि मोहरीचं तेल शेजारीशेजारी मिळतं. नवशिक्या स्वयंपाक्याला याहून मोठी शाळा नाही. फक्त विचारायची लाज वाटू देऊ नका. 'कसं करता हो हे?' असं विचारल्यावर मला आजवर कुणी हाकलून दिलेलं नाही. उलट एका काकूंनी अख्खी रेसिपी सांगून वर डबाही दिला.

तहरी मला गोदामातल्या एका सहकाऱ्याने शिकवली. तो सुलतानपूरकडचा. एक वाटी तांदूळ धुऊन ठेवायचा. कुकरमध्ये दोन मोठे चमचे मोहरीचं तेल चांगलं तापवायचं, धूर दिसेपर्यंत. नाहीतर त्याचा उग्रपणा जात नाही. मग आच कमी करून जिरं, तमालपत्र, उभा चिरलेला कांदा, आल्याचा तुकडा, एका बटाट्याच्या फोडी, फ्लॉवर, मूठभर मटार. हळद, तिखट, गरम मसाला, मीठ. तांदूळ घालून दोन वाट्या पाणी आणि दोन शिट्ट्या. सोबत दही आणि लोणचं. भाजी, भात, मसाला सगळं एकाच भांड्यात, म्हणजे घासायला एकच कुकर. (भांडी कोण घासणार हा प्रश्न अनेक रेसिपी शिताफीने टाळतात. जो जेवायला उशिरा आला त्याने घासायची, असा नियम केलात तर सगळा लेख वाया गेला.)

दुसरा पदार्थ पद्मशाली शेजाऱ्यांकडचा, पच्ची पुलुसू. तेलुगूत पच्ची म्हणजे कच्चं आणि पुलुसू म्हणजे आंबट. कच्चं आंबट सार म्हणा. मे महिन्यात, पंखाही बंद असताना शेगडीसमोर उभं राहवत नाही तेव्हाचं हे जेवण. लिंबाएवढी चिंच दोन वाट्या कोमट पाण्यात भिजवून कोळ काढायचा आणि गाळायचा. दोन हिरव्या मिरच्या आचेवर थेट भाजून त्यात चुरडायच्या. बारीक चिरलेला कांदा, मीठ, सुपारीएवढा गूळ, कोथिंबीर. वरून मोहरी, जिरं, कढीपत्ता, सुक्या मिरचीची फोडणी. उकळायचं नाही. गरम भातावर हे ओतायचं आणि बाजूला तळलेलं अंडं किंवा भाजलेला पापड. शेगडी चालते ती भातापुरती आणि फोडणीपुरती, मिक्सरचं तर नावच नाही. पहिल्यांदा बायकोने भुरका मारला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी आठवडाभर त्या प्रश्नावर चालत होतो.

पण आमच्या घरातला बुधवार जवळ्याचा आहे, आणि त्यावर जरा जास्त बोलायला हवं. सुका जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी. कोरड्या बरणीत कितीतरी दिवस टिकतो, आयत्या वेळी धावून येतो, स्वस्तही असतो. दोघांना एक वाटी पुरे. आधी निवडून घ्या, त्यात काड्या, शिंपल्यांचे तुकडे सापडतात. मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजा. करपू देऊ नका, कडू होतो. भाजून झाल्यावर दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि घट्ट पिळा. रेती खाली बसते ती तिथेच राहू द्या. कढईत तेल जरा सढळ, त्यात दोन कांदे बारीक चिरून, आठ पाकळ्या लसूण ठेचून. कांदा लाल झाला की हळद, दीड चमचा आगरी मसाला, जवळा, तीन-चार आमसुलं. पाव वाटी पाणी शिंपडून झाकण, पाच मिनिटं. मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखून, कारण जवळा मुळातच खारट असू शकतो. हा धडा मी एकदा अख्खी कढई टाकून शिकलोय.

याच्याबरोबर तांदळाची भाकरी हवी, हे मला मान्य आहे. माझी भाकरी अजून नकाशासारखी येते, तेव्हा आम्ही भात खातो. आणि हो, वासाचा प्रश्न आहे. भाड्याची खोली घेताना आम्हाला एका मालकाने सगळ्यात आधी विचारलं होतं, 'नॉनव्हेज करता का?' पगार किती, नोकरी कुठे हे नंतर. ती खोली आम्ही घेतली नाही. नारपोलीतल्या आमच्या चाळीत बुधवारी कुणाच्या घरी काय शिजतंय हे जिन्यावरच कळतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

सुट्टीच्या दिवशी तासभर द्या, आठवडा हलका जातो. लसूण सोलून डब्यात भरायची. चार कांदे-टोमॅटो परतून मसाला करून ठेवायचा. तो फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतो, आणि त्यात उकडलेली अंडी सोडली की कालवण तयार. वाल भिजवून, मोड आणून सोलायचं काम मात्र एकट्याने करू नये. दोघांनी समोरासमोर बसून, मध्ये परात ठेवून, एखादी सिरीज लावून करावं. आमची कितीतरी बोलणी त्या परातीवर झालीत. घरभाड्याची, तिच्या बॉसची, माझ्या नाइट शिफ्टची. सोललेले वाल फ्रीझरमध्ये टाकले की पुढच्या गुरुवारी अर्ध्या तासात बिरडं. भात उरला तर ओट्यावर रात्रभर ठेवू नका, विशेषतः उन्हाळ्यात. तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी फोडणीचा करा. तेवढाच डब्याचा प्रश्न सुटतो.

एक चूक मी केली ती सांगून ठेवतो. पहिले पंधरा दिवस मी रोज विचारायचो, "आज काय करू?" मला वाटायचं, केवढा समजूतदार नवरा! ती एक दिवस म्हणाली, "ठरवायचंही मीच, तर मग तू फक्त ढवळतोयस." लागलं जरा. पण बरोबर होतं. भाजी संपलीय का, दही लावलंय का, दूध किती उरलंय, काल काय खाल्लं होतं, हे सगळं डोक्यात ठेवणं हाच निम्मा स्वयंपाक आहे. आता फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. सोमवार खिचडी, मंगळवार तहरी, बुधवार जवळा, गुरुवार बिरडं किंवा अंड्याचं कालवण, शुक्रवारी बाहेरून. कंटाळा आला की अदलाबदल. किराण्याची यादी त्याच कागदाच्या मागे, आणि ती माझ्याकडे.

दिवाळीच्या सेलमध्ये माझी शिफ्ट उलटी होते. मी रात्री निघतो आणि सकाळी येतो. तेव्हा कागदावरची नावं बदलतात आणि माझा डबा ती भरते. गेल्या वर्षी डब्यात पच्ची पुलुसूची छोटी बाटली होती आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली, 'गूळ तुझ्यापेक्षा कमी घातलाय.'

आज बुधवार आहे. ती आत्ता काल्हेरला पोहोचलीय. जवळा भाजायला घेतो, भाताचा कुकर उतरलाय. तुम्ही करणार असाल तर भाजण्याआधी खिडकी उघडा, नंतर उघडून काही उपयोग होत नाही.