आपला ढोल, परके अंगण

आपली स्तुती आपणच करू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. समर्थांनी तर दासबोधात मूर्खाची लक्षणे मोजताना आत्मस्तुती करणाऱ्यालाही जागा दिली आहे. पण ज्याने स्वतःचे संकेतस्थळ काढले, त्याने काय करावे? दुकान उघडले आणि पाटीच लावली नाही, तर गिऱ्हाईक यावे कसे?

हा प्रश्न माझ्यापुढे टाकला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. ती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. नागली, वरई, खुरासणी यांच्या पेरणीपासून मळणीपर्यंतचे कोकणा बोलीतले शब्द आजीच्या तोंडून ऐकून तिने संकेतस्थळावर मांडले. आजीचे वय झालेले. तिच्यामागे हे शब्द कोणी बोलणार नाही, ही मुलीची खरी काळजी.

मग ती वळली सामाजिक वाचनखुणांकडे. पुस्तकात आपण खूण घालतो, तशी आवडलेल्या पानाची खूण चारचौघांसाठी ठेवायची, अशी ही सोय. 2003 साली निघालेल्या डेलिशसने ती रूढ केली. 2004 मध्ये डिग आले, 2005 मध्ये रेडिट. स्टंबलअपॉन 2018 मध्ये बंद पडले. रेडिट मात्र अजून गजबजलेले आहे.

अशाच एका ठिकाणी तिने एका दुपारी आपल्या पानांचे बारा दुवे टाकले. चुलत भावंडांना मते द्यायला सांगितले. संध्याकाळी खाते बंद! "सर, मी काय चोरी केली?" असे तिने विचारले.

चोरी नव्हे, पण वाचकहो, आठवड्याच्या बाजाराची कल्पना करा. एखादा माणूस येतो, कोणाशी बोलत नाही, काही विकत घेत नाही, नुसता "माझाच माल घ्या" म्हणून ओरडतो. लोक त्याला उठवतीलच. तिथली रीतही हीच. रेडिटवर पूर्वी एक ठोकताळा होता: दहातला फार तर एक दुवा आपला असावा. आज तो सरसकट नियम नाही, पण काही मंडळे तो पाळतात. मित्रांकडून मते गोळा करणे, दोन-तीन खाती काढून स्वतःलाच कौल देणे, याला मात्र कुठेच क्षमा नाही. काही ठिकाणी तर बंदी सांगूनही घालत नाहीत. तुमचे लिखाण तुम्हाला दिसते, इतरांना दिसत नाही. शिवाय दुवे पेरून शोधयंत्रात वर चढण्याची आशाही फोल. 2005 साली गूगलने अशा दुव्यांवर 'याला मत समजू नका' अशी खूण लावण्याची सोय केली, आणि पुष्कळ ठिकाणी ती लावलेली असते.

मी तिला म्हटले, "अगं, तुमच्याकडे पेरणीआधी राब भाजतात ना? पालापाचोळा, फांद्या जाळून जमीन तयार केल्याशिवाय रोप धरतं का?"

तिला लगेच उमगले. दुसरे खाते काढून आत शिरण्याऐवजी तिने व्यवस्थापकांना पत्र लिहिले, झाले ते कबूल केले. काही दिवसांनी बंदी उठली. मग तिने प्रत्येक मंडळाचे नियम आधी वाचले. दुसऱ्यांची चांगली पाने सुचवली, प्रश्नांना उत्तरे दिली. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. नागलीवरच्या एका चर्चेत कोणी विचारले, "रोपांसाठी जमीन भाजतात ती का?" तिने कारण सविस्तर लिहिले आणि शेवटी एकच दुवा दिला, "हे पान माझेच आहे" असे स्पष्ट सांगून.

गर्दी काही लोटली नाही. पण गुजरातेतल्या धरमपूरकडच्या एका वाचकाने तिच्या यादीत नसलेले नऊ शब्द कळवले. तिने ते आजीला वाचून दाखवले. त्यातले सात आजीला ठाऊक होते, दोन ऐकून म्हातारी म्हणाली, "हे माझी आई बोलायची."

जाहिरातीने माणसे येतात, पण असे शब्द घेऊन येत नाहीत. त्यासाठी आधी परक्या अंगणात बसून चार माणसांचे ऐकावे लागते.