धरणी हलते तेव्हा पत्र्यावरचा दगड काय करतो?



१० जुलै २०२४ ची सकाळ आपल्यापैकी कुणीच विसरलेली नाही. सव्वासात वाजत आले होते. कुणाचा चहा चुलीवर होता, कुणी लेकरांचे डबे भरत होत्या. तेवढ्यात मांडणीवरची भांडी खणखणली आणि पायाखालची जमीन हलली. भूकंपाचे केंद्र आपल्याच कळमनुरी तालुक्यात होते. रिश्टर मापावर नोंद झाली ४.५. त्याच वर्षी २१ मार्चलाही सकाळी सहाच्या सुमारास दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले होते.

आपण सगळ्या लेकरांना घेऊन अंगणात पळालो. पण पळताना आपल्या डोक्यावर काय होते, हे किती जणींनी पाहिले? आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत. त्यासाठी मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एकच शब्द समजून घेऊ. तो शब्द आहे जडत्व.

शब्द अवघड वाटतो, पण अनुभव रोजचा आहे. कळमनुरीहून वारंगा फाट्याला जाताना आपण एसटीत उभ्या असतो. गाडी एकदम सुटली की आपण मागे झुकतो. पाय गाडीबरोबर पुढे जातात, अंग मात्र होते तिथेच राहू पाहते. ड्रायव्हरने ब्रेक मारला की उलट होते. गाडी थांबते आणि अंग पुढे जाते. थांबलेली वस्तू थांबूनच राहू पाहते आणि चालती वस्तू चालतच राहू पाहते. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात. वस्तू जितकी जड, तितका हा हट्ट मोठा.

याच हट्टाचा उपयोग करून भूकंप मोजतात. गटाच्या बैठकीत मुलांना घेऊन हा प्रयोग जरूर करा. किराणा दुकानातून एक रिकामे खोके आणा आणि तोंड आपल्याकडे करून ते आडवे ठेवा. कागदी पेल्यात खडे भरा. पेल्याच्या बुडातून स्केचपेन असा खोचा की त्याचे टोक खाली येईल. वरच्या बाजूला भोक पाडून सुतळीने पेला खोक्याच्या आत टांगा. पेनाचे टोक खालच्या कागदाच्या पट्टीला हलकेच टेकले पाहिजे. आता एकीने खोके डावी-उजवीकडे झटक्याने हलवायचे आणि दुसरीने पट्टी हळूहळू ओढायची. खोके हलते, कागद हलतो, पण खड्यांनी जड झालेला पेला जागचा हलायला तयार नसतो. म्हणून कागदावर नागमोडी रेघ उमटते. धक्का मोठा, तर रेघ मोठी. जुनी भूकंपमापक यंत्रे अशीच टांगलेल्या वजनावर चालायची. आजच्या यंत्रांत कागदाऐवजी वीज आणि संगणक आले, पण तत्त्व तेच आहे.

रिश्टर मापाचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ४ च्या पुढे ५ म्हणजे थोडेसे जास्त नव्हे. एक आकडा वाढला की यंत्रावरची रेघ दहापट मोठी होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप ६ च्या वर होता, म्हणजे आपल्या धक्क्याच्या शेकडो पट ताकदीचा. तिथे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद होते. ते ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. जीव घेतला तो घराच्या वजनाने.

आता आपल्या छपराकडे पाहा. वावटळीत पत्रे उडू नयेत म्हणून आपण त्यांवर दगड ठेवतो. जमीन हलली की भिंत हलते, पत्रा हलतो आणि दगड मात्र जागीच राहू पाहतो. म्हणजे एसटीतल्या आपल्यासारखाच. पत्रा खालून सरकतो, दगड निसटतो आणि नेमका दारात पडतो. आपण लेकरू कडेवर घेऊन त्याच दारातून बाहेर धावत असतो! मार्चच्या धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने पत्र्यावरचे दगड काढायला सांगितले, ते यासाठीच.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. दगड उतरवा आणि पत्रे हुक-बोल्टने खालच्या लोखंडी पाइपला किंवा लाकडाला घट्ट बसवून घ्या. मांडणीवरची जड भांडी खालच्या फळीवर आणा. झोपण्याच्या जागेवर माळ्यावर पाटा, उखळ, पेट्या ठेवू नका. गटातल्या ज्या बहिणीला बोल्टचा खर्च पेलत नाही, तिच्यासाठी बचतीतून वाट काढता येईल का, हे बैठकीत ठरवा.

जाता जाता मुलींसाठी एक गोष्ट. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. दूर अवकाशातून येणाऱ्या अतिसूक्ष्म लहरी तिथे टिपायच्या आहेत. त्यासाठी चार-चार किलोमीटर लांब नळ्यांत सुमारे ४० किलोचे आरसे टांगतात, म्हणजे जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. खोक्यात टांगलेला खड्यांचा पेला आणि ते आरसे यांचा नियम एकच. आज खोके हलवणारी आपली लेक उद्या त्या आरशांपाशी उभी राहू शकते.

आधी मात्र पत्र्यावरचा दगड उतरवूया.