कॅटिलिना: रोम उलथवायला निघालेला खानदानी कर्जबाजारी

सीझरच्या खुनाचा कट सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्याआधी १९ वर्षं शिजलेला हा कट जास्त रंगतदार वाटतो.

लुसियस सर्जियस कॅटिलिना. घराणं जुनं, वैभव ओसरलेलं. हुकूमशहा सुल्लाच्या कत्तलींत त्याने हात धुऊन घेतले. पुढे आफ्रिका प्रांताचा कारभार पाहिला आणि परतताच लुबाडणुकीचा खटला मागे लागला. त्यातून सुटला, पण कॉन्सलपद, म्हणजे रोमचं सर्वोच्च पद, काही मिळेना. इ.स.पू. ६४ च्या निवडणुकीत तो पडला आणि निवडून आला सिसेरो, ज्याच्या घराण्यात आधी कुणीच कॉन्सल झालं नव्हतं! पुढच्या वर्षी कर्जमाफीचं आश्वासन देऊनही (ओळखीचं वाटतंय ना?) पुन्हा आपटला.

मग इटलीतल्या एट्रुरियात त्याच्यासाठी सैन्य जमलं, रोममध्ये कट शिजला. साथीदारांनी ॲलोब्रोजेस या गॉल टोळीच्या दूतांना सामील करून घ्यायला पाहिलं. बातमी सिसेरोपर्यंत पोहोचली, पत्रं पकडली गेली. कटातल्या पाच जणांना सिसेरोच्या हुकमाने खटला न चालवताच गळा आवळून मारलं.

इ.स.पू. ६२ च्या सुरुवातीला पिस्तोरियाजवळ कॅटिलिना लढता लढता पडला. त्याचं प्रेत आपल्या माणसांच्या कितीतरी पुढे, शत्रूच्या प्रेतांमध्ये सापडलं, असं रोमन इतिहासकार सॅलस्ट लिहितो. आणि सॅलस्ट काही त्याचा चाहता नव्हे. त्या विनाखटला शिक्षेपायी इ.स.पू. ५८ मध्ये सिसेरोलाच रोम सोडावं लागलं.