तारीख पडली, पण कोणती?

आमच्या मामांचा जमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बरीच वर्षे रेंगाळला होता. पहाटेची एसटी पकडायची, व्हरांड्यातल्या बोर्डावर आपला नंबर शोधायचा, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचे आणि संध्याकाळी घरी आणायचे ते काय, तर पुढची तारीख! मामा ती एसटीच्या तिकिटामागे लिहून ठेवत. एकदा ते तिकीटच हरवले. त्या दिवशी वकीलही दुसऱ्या कोर्टात अडकलेले. दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. असा दावा पुन्हा उभा करायचा तर तीस दिवसांत अर्ज द्यावा लागतो. मामांना कळले तोवर बावीस दिवस उलटले होते.

आज हीच तारीख ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. २०१३ साली ते सुरू झाले. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही. पडद्यावरची वाकडीतिकडी अक्षरे तेवढी टिपावी लागतात. प्रत्येक प्रकरणाला सोळा खुणांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यात पहिली दोन अक्षरे राज्याची (आपली एमएच), पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे कोर्टाचे, सहा अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. हा क्रमांक वकिलांकडून आजच मागून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येते. पण बरेचदा तिथेच घोडे अडते. नाव नोंदवणाऱ्याने इंग्रजीत एक स्पेलिंग लिहिलेले असते, आपण दुसरे टाकतो. मिळाले नाही म्हणून प्रकरणच नाही, असे समजू नका. स्पेलिंग बदलून पाहा.

पुढची तारीख पाहून थांबू नये. आधीच्या तारखांवर टिचकी मारली की बहुधा त्या दिवशीचा रोजनामा उघडतो. कोण हजर होते, कोणी मुदत मागितली, हे त्यातून कळते. दावा लांबवतोय कोण, याचा बोलका पुरावा असतो तो! न्यायाधीशांचे आदेश आणि निकालही तिथे वाचता येतात. मात्र दाव्याची कागदपत्रे, कैफियत, साक्षी सहसा तिथे नसतात. त्यासाठी नक्कल विभागात अर्ज करायचा. आणि छापून घेतलेला निकाल म्हणजे सही-शिक्क्याची नक्कल नव्हे. बँकेत किंवा अपिलात ती नक्कलच लागते.

तुम्ही म्हणाल, आमची भांडणे शेजाऱ्याने का वाचावीत? आपल्याकडे न्यायालय खुले असते, हा नियम. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या मिरजकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली तो मान्य केला. न्यायासाठी गरज पडल्यास न्यायाधीश त्याला मुरड घालू शकतात, असेही सांगितले. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव उघड करायला कायद्याचीच मनाई आहे. पण निर्दोष सुटलेल्याचे काय? खोली भाड्याने देणारा घरमालक नाव टाकतो, 'फौजदारी' एवढे वाचतो आणि निकालापर्यंत जातच नाही. ही दुखरी बाजू मला अजून खुपते.

मामांचा अर्ज अठ्ठाविसाव्या दिवशी दाखल झाला आणि मंजूरही झाला. हल्ली त्यांची नात दर रविवारी मोबाइलवर तारीख पाहून सांगते. मामा ऐकतात आणि तरीही तिकिटामागे लिहून घेतात.