इनडोअर सायकलिंगचा क्लास चालतो कसा? शिकवणाऱ्याचं अर्धं काम पॅडलवर, अर्धं बोलण्यात

बेळगावात जूनचा पाऊस एकदा लागला, की सकाळी सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्यांची पंचाईत होते. चोर्ला घाटाकडचा रस्ता धुक्यात, आंबोलीकडे धो धो, आणि गावातले खड्डे पाण्याखाली. मग यातले काही जण जिमकडे वळतात. तिथे एका खोलीत दहा-वीस सायकली ओळीने उभ्या असतात, दिवे मंद असतात, गाणी मोठ्याने चालू असतात, आणि समोरच्या सायकलवर कानाला माईक लावून एक सर किंवा मॅडम बसलेल्या असतात. पाऊण तास सगळे जागच्या जागी पॅडल मारतात आणि घामाने निथळून बाहेर येतात.

बेळगाव असो, पणजी असो, वडोदरा, इंदूर किंवा हैदराबाद असो, या क्लासची पद्धत साधारण सारखीच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, की शिकवणाऱ्याने जोरात सायकल चालवायची आणि बाकीच्यांनी नक्कल करायची, एवढंच काम आहे. प्रत्यक्षात चांगल्या शिकवणाऱ्याचं मुख्य काम लोकांकडे बघणं आणि बोलणं हे असतं. ते नीट झालं नाही तर शेवटच्या रांगेत पहिल्यांदाच बसलेल्या माणसाला त्याचा त्रास होतो.

ही सायकल वेगळी कशी?

रस्त्यावरच्या साध्या सायकलला फ्री व्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि उतारावर आरामात बसता येतं. क्लासमधल्या बहुतेक सायकलींना ही सोय नसते. पुढे एक जड चाक असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. ते पॅडलला थेट जोडलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायही फिरणारच. जोरात चालवताना एकदम पाय थांबवायला गेलं तर चाक पायाला ओढून नेतं आणि गुडघ्याला झटका बसतो.

म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यात आधी शिकायचं ते थांबणं. मधल्या दांड्यावर एक नॉब असतो. तो उजवीकडे फिरवला की पॅडल जड होतं, डावीकडे फिरवला की हलकं. बहुतेक मॉडेलमध्ये तोच नॉब दाबला की ब्रेक लागतो. काहींना वेगळा दांडा असतो. हे न दाखवता कोणी क्लास सुरू केला, तर त्याने पहिलंच काम चुकवलं असं समजावं.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे सायकलपटू जॉनी गोल्डबर्ग, म्हणजे ‘जॉनी जी’, यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या सरावासाठी घरीच अशी सायकल तयार केली. पुढे त्याचे क्लास निघाले आणि १९९० च्या दशकात ते जगभर पोचले. ‘स्पिनिंग’ हा शब्द एका कंपनीचा नोंदलेला ट्रेडमार्क आहे, म्हणून बऱ्याच जिमच्या बोर्डवर ‘इनडोअर सायकलिंग’ किंवा ‘ग्रुप सायकलिंग’ असं लिहिलेलं दिसतं.

पहिली पाच मिनिटं सीटची

क्लास साडेसहाचा असेल तर नव्या माणसाने सव्वासहाला पोचावं, असं सांगतात त्यामागे कारण आहे. सायकलच्या बाजूला उभं राहिल्यावर सीट साधारण कमरेच्या हाडाच्या उंचीला हवी. बसून पॅडल पार खाली नेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाय पूर्ण ताणला जात असेल तर सीट उंच आहे, गुडघा फारच दुमडत असेल तर खाली आहे. दोन्ही पॅडल एका पातळीत आणली, की पुढचा गुडघा पॅडलच्या दांड्याच्या बरोबर वर यावा. नव्या माणसाला हँडल सीटइतकं किंवा थोडं वर ठेवलेलं बरं, म्हणजे कंबर आणि मान धरत नाही.

कपड्यांचंही सांगावं लागतं. पायाशी घोळदार सलवार, लोंबणारी ओढणी, बुटाची सुटलेली नाडी हे सगळं पॅडलमध्ये अडकू शकतं. मऊ तळाच्या चपलेपेक्षा कडक तळाचे बूट बरे.

पाऊण तासाचं गणित

क्लासचा आराखडा शिकवणारा आदल्या दिवशीच तयार करतो. सुरुवातीला पाच-सात मिनिटं हलकं चालवणं, मग सपाट रस्ता, मग चढ, मधे थोडा थोडा वेळ जोर आणि विश्रांती, शेवटी पुन्हा हलकं चालवून पाय ताणणं.

वेग मोजतात तो मिनिटाला पॅडलचे किती फेरे होतात त्यावर. सपाट रस्त्याला साधारण ८० ते ११० फेरे, चढाला ६० ते ८०. नॉब अगदी सैल ठेवून १२० च्या वर पाय भिरभिरवणं दिसायला भारी वाटतं, पण त्यात सीटवर उडायला होतं आणि सांध्यांवर ताबा राहत नाही.

गाण्यांची निवडही यावरूनच होते. गाण्याच्या प्रत्येक ठेक्याला एक पाय खाली आला, तर दोन ठेक्यांत एक फेरा होतो. म्हणजे मिनिटाला १४० ठेक्यांचं गाणं चढाला चालतं, कारण त्यात ७० फेरे बसतात. १८० ठेक्यांचं गाणं सपाट रस्त्याला, तिथे ९० फेरे. त्यामुळे आवडतं गाणं आणि क्लासला चालणारं गाणं यांचा मेळ घालण्यात शिकवणाऱ्याची संध्याकाळ जाते.

चढ म्हणजे डोळ्यांसमोर रस्ता उभा करणं. बेळगावकरांना येळ्ळूरचा राजहंसगड सांगितला की लगेच कळतं. वडोदऱ्यात पावागड, इंदूरला जानापाव. माहितीचा रस्ता असला की माणूस स्वतःच अंदाज घेतो, की अजून किती वळणं बाकी आहेत.

घरातल्या गोष्टी क्लासमध्ये कशाला?

अशा क्लासला पहिल्यांदा गेलेल्याला एका गोष्टीचं नवल वाटतं. चढ चालू असतो, सगळे धापा टाकत असतात, आणि समोरची मॅडम सांगत असते की सकाळी गॅस संपला, दुसरा सिलिंडर बसवेपर्यंत दूध उतू जायचं वाचलं, मुलाला डब्यात पोह्यांऐवजी ब्रेड दिला आणि त्याने तोंड वाकडं केलं. सायकलचा आणि सिलिंडरचा संबंध काय?

संबंध आहे. पहिलं म्हणजे वेळ. तीन मिनिटांच्या चढात ‘अजून दोन मिनिटं, अजून दीड मिनिट’ असं ऐकत राहिलं की वेळ सरत नाही. गोष्ट ऐकताना लक्ष मांड्यांवरून थोडं हलतं. अनुभवी शिकवणारे गोष्ट तेवढीच लांब ठेवतात जेवढा चढ आहे, आणि शेवट चढ संपताना करतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गोष्टीवर कोण हसतंय, ‘मुलगा कितवीत आहे?’ असं विचारल्यासारखा प्रश्न टाकला तर कोण उत्तर देतंय, हे शिकवणारा बघत असतो. जोर मोजण्याची ही साधी पद्धत आहे. पूर्ण वाक्य बोलता येतंय तर जोर मध्यम. एक-दोन शब्दच फुटतायत तर जोर जास्त. काहीच बोलता येत नाही, तोंडावरचा रंग बदललाय, तर त्या माणसाला थांबवायची वेळ झाली.

मनगटावरच्या घड्याळातले आकडे मदत करतात, पण त्यांच्यावर सगळा भरवसा ठेवता येत नाही. वय २२० मधून वजा करायचं हे सूत्र बहुतेकांना माहीत आहे. ४५ वर्षांच्या माणसाला त्यातून १७५ ठोके येतात. मात्र हा सरासरीचा अंदाज आहे, खरी मर्यादा त्याच्या १०-१२ ठोके वर किंवा खाली असू शकते. शिवाय बीपीच्या काही गोळ्यांनी हृदयाचे ठोके मुळातच कमी राहतात. अशा काकांना घड्याळ ‘अजून जोर लावा’ म्हणेल, आणि इकडे ते दमलेले असतील. म्हणून ‘काका, बोलून दाखवा बघू’ हाच उपाय खरा.

तिसरं कारण धीर देण्याचं. गुडघा दुखत होता म्हणून आज मीही नॉब कमी ठेवलाय, असं समोरून कोणी सांगितलं, की मागच्या रांगेतल्या माणसाला आपला नॉब सैल करायची लाज वाटत नाही. नुसतं ‘जमेल तसं करा’ म्हटल्याने हे होत नाही, कारण शेजारचा जोरात असतो.

या बोलण्याला मर्यादाही आहे. कोणाच्या वजनावर, पोटावर बोलणं, ‘कालचा पेढा जाळा’ अशी थट्टा करणं बऱ्याच जणांना लागतं, आणि लागलेला माणूस भांडत नाही, तो फक्त परत येत नाही. घरातलं भांडण, आजारपणाचा सविस्तर पाढा हेही टाळलेलं बरं. पैसे भरून आलेली माणसं सायकल चालवायला आलेली असतात.

सूचना कोणत्या भाषेत?

सीमाभागात हा प्रश्न रोजचा. एकाच क्लासमध्ये मराठी, कानडी, हिंदी, कोकणी बोलणारे बसतात. मोठ्या आवाजातल्या गाण्यात लांब वाक्य कोणालाच कळत नाही. त्यामुळे गोष्ट कोणत्याही भाषेत चालते, पण सूचना मोजक्या शब्दांत आणि हाताच्या खुणेसकट द्यावी लागते. ‘उजवीकडे अर्धा वळसा’, ‘बसा’, ‘खांदे सैल’, ‘बास’.

सगळ्यात गरजेचा शब्द मात्र भाषांतराशिवाय चालतो. ‘सावकाश’ मराठीला कळतो, बेळगाव-धारवाडकडच्या कानडीतही तो आहे आणि गोव्याच्या कोकणीत ‘सवकास’ आहे. वडोदऱ्यात ‘धीमे’ म्हणावं लागेल, हैदराबादेत ‘आराम से’. पण तो शब्द क्लासमध्ये दर पाच मिनिटांनी यायला हवा.

‘सावकाश’ न म्हटल्याने काय होतं?

पहिल्याच दिवशी ईर्षेने चालवल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, ते ठीक आहे. पण क्वचित प्रकरण पुढे जातं. मांडीचे स्नायू मोठे असतात. सवय नसताना त्यांच्यावर फार ताण पडला तर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर भार टाकतात. डॉक्टर याला ‘रॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात. २०१७ मध्ये ‘द अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्पिन क्लासनंतर असा त्रास झालेल्या रुग्णांवर लेख आला होता.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. एक-दोन दिवसांत मांड्या खूप सुजणं, जिना उतरता न येण्याइतकी वेदना किंवा अशक्तपणा, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद होणं. असं दिसलं तर मालिश, शेक करत न बसता लगेच दवाखाना गाठावा. हे टाळणं अवघड नाही. पहिले काही क्लास अर्ध्या जोराने करायचे, मधे पाणी प्यायचं, आणि पाऊण तास पुरा केलाच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. हृदयविकार, अनियंत्रित बीपी, मधुमेह किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

शिकवणाऱ्याचा जमाखर्च

बऱ्याच ठिकाणी मानधन क्लासप्रमाणे मिळतं. जमेच्या बाजूला पाऊण तास दिसतो. खर्चाच्या बाजूला गाणी निवडण्याचा वेळ, सराव, स्वतःचे बूट-कपडे, आणि आजारी पडलं की बुडालेला क्लास.

सगळ्यात मोठा खर्च शरीराचा. सकाळी दोन आणि संध्याकाळी एक क्लास घेणाऱ्याने तिन्ही वेळा पूर्ण जोर लावला तर तो काही महिन्यांत थकतो. म्हणून जाणते शिकवणारे मधे सायकलवरून उतरतात, रांगांमधून फिरतात, कोणाची सीट बघतात, कोणाचे खांदे. नव्या लोकांना वाटतं, मॅडम आराम करतायत. खरं तर याच वेळी शिकवणं सगळ्यात नीट चालू असतं.

दुसरा खर्च घशाचा. गाण्यावरून ओरडत बोलल्याने आवाज बसतो, त्यामुळे माईक ही चैन नव्हे. तिसरा कानाचा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सुरक्षित धरला जातो, आणि दर ३ डेसिबलने ती मुदत निम्मी होते. या हिशेबाने ९४ डेसिबलला १ तास, आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. सभासदाचा दिवसाचा एकच क्लास असतो, शिकवणाऱ्याचे तीन. आवाज थोडा कमी करा असं सांगणारा सभासद त्यांच्यावर उपकारच करतो.

गाण्यांचं आणखी एक. मोबाईलवरच्या गाण्याच्या अ‍ॅपची वर्गणी सहसा घरगुती वापरासाठी असते. पैसे घेऊन चालणाऱ्या क्लासमध्ये ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कदारांचा परवाना लागतो. तो काढणं जिमच्या मालकाचं काम, पण शिकवणाऱ्याने एकदा विचारून घ्यावं.

क्लास लावण्याआधी

फी भरण्याआधी एक क्लास बघायला मागावा. सायकली किती नव्या आहेत, स्पीकर किती मोठा आहे हे आपोआप दिसतं. बघायचं ते वेगळं. नव्या माणसाची सीट कोणी लावून देतं का, ब्रेक दाखवतं का. मधेच थांबलेल्याकडे बघून शिकवणारा काय म्हणतो. क्लास संपल्यावर शेवटच्या रांगेतल्याला ‘गुडघे कसे आहेत? उद्या पाय दुखले तर कळवा’ असं कोणी विचारतं का.

विचारत असतील तर फी भरायला हरकत नाही.